सुट्टीत आजीकडे जाण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सुट्टीचे चार दिवस आजीकडे काढायचे, तिथे मामा-मामी असणार, आई तुझ्याबरोबर असणार, आणि आई नि मामा गेल्या वर्षापासून एकमेकांशी कामापुरतंच बोलतात. ‘मी नेमकी कुणाची बाजू घेऊ?’ असं विचारलंयस. उत्तर आधीच देऊन टाकते: कुणाचीच नाही. पण म्हणून मोबाइलमध्ये डोकं खुपसून कोपऱ्यात बसायचंही नाही. तुला करता येण्यासारखं बरंच आहे, ते सांगायला हे लांबण लावते.

तू लिहिलंयस, आई म्हणते, ‘आजी चांगली ठणठणीत आहे, वहिनी उगाच बाऊ करते.’ मामी म्हणतात, ‘चार दिवस येणाऱ्यांना काय कळतंय!’ वृद्धांच्या घरी जायचं, त्यांच्या माणसांशी बोलायचं, हेच माझं काम होतं. ही दोन वाक्यं ज्या घरात ऐकली नाहीत असं घर आठवावं लागेल. आणि बहुतेक वेळा दोघी खरंच बोलत असतात.

म्हातारं माणूस पाहुण्यांसमोर खुलतं. आठवण ढासळायला लागलेली असली तरी जन्मभराची रीतभात शाबूत असते. ‘आलास का रे, किती वाळलास!’ हे म्हणायला कालची आठवण लागत नाही, ते तोंडात बसलेलं असतं. लेक येणार म्हटल्यावर आजी केस नीट करते, ताठ बसते, तास-दोन तास सगळं बळ एकवटून गप्पा मारते, मधे एखादा टोमणाही हाणते. आईला वाटतं, हिला काय धाड भरलीय? मग पाहुणे जातात आणि दमणूक बाहेर येते: चिडचिड, जेवायला नको, रात्री झोप नाही, कधी ‘मला घरी सोडा’ म्हणून धोशा, घरातच बसून. ते पाहायला मामी एकट्या. त्यांनी ते फोनवर सांगितलं की पलीकडून उत्तर येतं, ‘अगं, परवा तर छान बोलली माझ्याशी.’ हे ऐकून माणूस किती एकटं पडत असेल, विचार कर.

याची दुसरी बाजूही आहे, ती मामींना सांगायच्या फंदात पडू नकोस, पण तुझ्या लक्षात असू दे. रोज पाहणाऱ्याला हळूहळू होणारा बदल दिसत नाही. आजीचं वजन उतरलंय, ब्लाउज खांद्यावरून ओघळतोय, उठताना आता दोन्ही हात टेकावे लागतात, हे सहा महिन्यांनी येणाऱ्या तुझ्या आईला दारातच दिसेल. तिने ते बोलून दाखवलं की मामींना तो आरोप वाटणार. एकीने आजीच्या रात्री पाहिल्यात, दुसरीने आजीची सहा महिन्यांपूर्वीची चाल. भांडण त्यातून उभं राहतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं: एक रात्र तू घे. संध्याकाळपासून सकाळपर्यंत. मामींकडून गोळ्या समजून घे, कुठली जेवणाआधी, कुठली नंतर, पाण्याचा तांब्या कुठे, रात्री दिवा कुठला चालू ठेवायचा. मग आजीच्या खोलीत अंथरूण टाक. मुलगा म्हणून तुला कुणी उठवणार नाही, तरी ऊठ. दिवस कलला की काही वृद्धांचा गोंधळ वाढतो, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं. ते ऐकणं वेगळं आणि रात्री दोन वाजता ‘तुझे आजोबा अजून कसे आले नाहीत?’ या प्रश्नाला तिसऱ्यांदा उत्तर देणं वेगळं. (‘आजोबा गेले ना!’ असं म्हणू नकोस. तिला ते दर वेळी नव्याने कळतं. ‘त्यांची आठवण येतेय का गं?’ म्हण आणि हात धरून बस.)

सकाळी आईला काय पाहिलंस ते सांग. ‘आजी तीनदा उठली. एकदा तिला न्हाणीघराचं दार सापडेना.’ एवढंच. ‘म्हणजे मामींचंच बरोबर’ हे शेपूट जोडू नकोस. शेपूट जोडलंस की तू साक्षीदार न राहता वकील होतोस, आणि वकिलाचं ऐकून घ्यायची कुणाला गरज वाटत नाही.

आता तुला मधे ओढण्याबद्दल. ते होणारच. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी कुटुंबांचा अभ्यास करताना हे फार नेमकं टिपलं होतं: दोघांमधला ताण सोसेनासा झाला की ती दोघं तिसऱ्याला ओढून त्रिकोण करतात. तिसऱ्याशी बोलून दोघांनाही थोडं हलकं वाटतं आणि मूळ प्रश्न होता तिथेच राहतो. आई रात्री तुझ्याजवळ येऊन बसेल, ‘बघितलंस ना मामा कसा बोलला?’ मामा तुला दुकानापर्यंत बरोबर नेतील, ‘तुझ्या आईला जरा समजाव.’ दोघांचं ऐक. प्रेमाने ऐक. शेवटी मात्र दोघांनाही एकच वाक्य: ‘हे तू त्यालाच सांग ना,’ ‘मामा, हे तुम्ही आईशीच बोला.’ निरोप्या होऊ नकोस. निरोप पोचवताना सूर बदलतोच, आणि पुढच्या सुट्टीपर्यंत ‘भाच्याने असं सांगितलं’ एवढंच लोकांच्या लक्षात राहतं.

पण तुझ्यापेक्षाही वाईट तिसरी जागा आजीला दिली जाते. चार माणसं बसलेली असतात, बोलता बोलता विषय घरावर येतो, आणि कुणीतरी तिच्याकडे वळून म्हणतं, ‘आई, तूच सांग, कोण चुकतंय?’ ज्या बाईने दोघांनाही वाढवलं ती काय सांगणार? ती लेकीसमोर लेकीला बरं वाटेल ते म्हणते, मुलासमोर मुलाला बरं वाटेल ते. यात लबाडी नाही; समोरच्याचा चेहरा उतरलेला तिला बघवत नाही, इतकंच. पुढे ‘आई मला म्हणाली घर विकू नका’ आणि ‘आई मला म्हणाली तुला हवं ते कर’ अशी दोन वाक्यं दोन घरांत न्यायनिवाड्यासारखी जपली जातात. तुमच्याकडे हेच झालंय असा मला दाट संशय आहे.

तेव्हा घर, दवाखाना, पुढे आजीने कुणाकडे राहायचं, हे विषय या चार दिवसांत नकोत. मिटवा-मिटवी म्हणून नव्हे. ते विषय मोठे आहेत, त्यांना त्यांची स्वतःची तारीख द्या. निघण्याआधीच आईशी बोलून ठेव: ‘सुट्टी झाली की पुढच्या आठवड्यात तू आणि मामा फोनवर एक तास बसा, मुद्दे लिहून घ्या, मी हवं तर टिपणं काढतो.’ तारीख ठरलेली असली की जेवताना विषय निघाला तरी ‘ते रविवारी आहे ना आपलं’ म्हणून थांबता येतं. तारीख नसेल तर ‘आत्ता नको’ हे ‘कधीच नको’ असं ऐकू येतं, आणि माणूस जास्तच पेटतो.

आजीला यातून वगळायचं मात्र नाही. तिच्याबद्दल तिच्यासमोर ‘हिला आता काही कळत नाही’ असं बोलणं मला सहन होत नाही, कुणीही बोललं तरी. तिला विचारायचं, पण एकटीला, सकाळी, ताजीतवानी असताना, एका वेळी एकच गोष्ट. दुपारच्या जेवणानंतर तर अजिबात नको. म्हातारपणी जेवणानंतर तास-दोन तासांत रक्तदाब खाली जाऊ शकतो, ग्लानी येते, उठताना तोलही जातो. आणि नेमकं त्याच वेळी घरोघर महत्त्वाचं बोलायची उबळ येते.

एक गोष्ट विचारायची राहिली होती: आई म्हणते तसं मामा आजीवर खरंच ‘ओरडतात’, की मोठ्याने बोलतात? साठीच्या पुढच्या माणसांत चारांतल्या एकाहून अधिक जणांना उपचार किंवा साधन लागावं इतकं कमी ऐकू येतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वयामुळे येणाऱ्या बहिरेपणात आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ यांसारखी अक्षरं विरतात, स्वर मात्र ऐकू येतात. म्हणून आजी म्हणते, ‘ऐकू येतंय रे, कळत नाही.’ मामा दिवसातून पन्नास वेळा तेच वाक्य पुन्हा सांगून सांगून आवाज चढवतात, आणि फोनवर किंवा शेजारच्या खोलीतून तो हिडीसफिडीस वाटतो. शिवाय ओरडल्याने ऐकणाऱ्याला कळतं असंही नाही, शब्द उलट फाटतात. तू तिच्यासमोर बस, उजेड तुझ्या तोंडावर असू दे, टीव्ही बंद कर, सावकाश नेहमीच्या आवाजात बोल. कळलं नाही तर तेच वाक्य न घोकता शब्द बदलून सांग. कानातलं यंत्र असलं तरी आठ माणसांच्या कल्लोळात ते कल्लोळही मोठा करतं. अशा वेळी आजी भलतीकडेच हसते किंवा गप्प होते, आणि कुणीतरी ठरवून टाकतं की तिची बुद्धीच गेली. एक-एक जण तिच्याजवळ बसेल असं बघ. सगळ्यांनी मिळून गराडा घालायची काही गरज नसते.

जाऊन बसलास की ‘ओळख पाहू मी कोण?’ ही परीक्षा घेऊ नकोस. का कोण जाणे, सगळे हौसेने घेतात. ‘आजी, मी आलो, तुझ्या थोरलीचा मुलगा’ म्हण की सरळ. तीच गोष्ट चौथ्यांदा सांगायला लागली तर ‘हे झालंय सांगून’ असं म्हणू नकोस. रॉबर्ट बटलर नावाच्या डॉक्टरांनी १९६३ साली मांडलं होतं की उतारवयात आयुष्य पुन्हा पुन्हा मनात फिरवणं हा भ्रमिष्टपणा नव्हे, सगळ्याचा हिशोब लावण्याची ती स्वाभाविक धडपड असते. तू कडेचा एखादा प्रश्न विचार: त्या दिवशी बरोबर कोण होतं, पाऊस होता का, घरी कोण रागावलं. कित्येकदा पाचवी खेप वेगळीच निघते. आणि गंमत सांगू, आई नि मामा दोघं लहान असतानाची गोष्ट आजी सांगत असेल तर दोघंही दारात येऊन उभी राहतात. तेवढा वेळ घर शांत असतं. त्यातून समेट होईल असं मी म्हणत नाही.

समेटाबद्दलही आत्ताच सांगते. कार्ल पिलेमर या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेत केलेल्या पाहणीत २७ टक्के प्रौढांनी एखाद्या नातेवाइकाशी संबंध तुटल्याचं सांगितलं. ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे तुमचं घर काही जगावेगळं नाही, आणि चार दिवसांत नातवाने जोडावं असं हे काम नाही. आई नि मामा एका छताखाली चार दिवस नीट राहिले तरी पुष्कळ झालं.

नाहीच राहिले, आवाज चढलेच, तर? युक्तिवाद करू नकोस. माणूस संतापला की नाडी वाढते; जॉन गॉटमन यांच्या जोडप्यांवरच्या अभ्यासात मिनिटाला १०० ठोक्यांच्या वर गेलं की समोरच्याचं डोक्यात शिरत नाही असं दिसलं, आणि शरीर खाली यायला निदान २० मिनिटं लागतात. तू आईला म्हण, ‘चल, जरा फिरून येऊ, आल्यावर बोलू.’ ‘आल्यावर’ हा शब्द गाळू नकोस, नाहीतर मामांना वाटेल निघूनच गेली. आणि वाटेत मामांचा विषय काढू नकोस. २० मिनिटं पुन्हा तेच घोळवलंत तर फिरून काय मिळवलं?

एकाच बाबतीत मी वर सांगितलेलं सगळं बाजूला ठेव. आजी एक-दोन दिवसांत एकाएकी बदलली, भलतंसलतं बरळू लागली, नसलेलं दिसू लागलं किंवा दिवसभर गुंगीत राहिली, तर ‘वयामुळे’ म्हणून सोडू नका. लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, नवीन गोळी, अशी कारणं त्यामागे असतात आणि ती बरी होऊ शकतात. त्याच दिवशी डॉक्टर. कोण बरोबर, कोण चूक, हे त्या दिवशी कुणी काढलं तर तू खुशाल आवाज चढव.

बारीकसारीक: बॅगा वाटेत ठेवू नका, ६५ च्या पुढच्या माणसांत दर वर्षी साधारण तिघांतला एक पडतो. आणि मामींना सल्ला देऊ नकोस. माझा तर तो धंदाच होता, तरी मी पहिल्या भेटीत कधी दिला नाही. ‘तुम्ही एवढं करता’ असं कौतुकही पुरेसं नसतं, ऐकून त्यांचे कान किटलेत. एका दुपारी त्यांना सांग, ‘तीन तास मी आहे, तुम्ही बाहेर जा.’ कुठे जाणार हे विचारायचं नाही.

परत आलास की पहिला फोन मामींना कर. ‘आजी कशी आहे?’ विचारलंस तर ‘बरी आहे’ येईल. ‘आम्ही निघाल्यावर रात्री काय झालं?’ विचार, मग त्या सांगतील. आणि एखादं काम कायमचं अंगावर घे, छोटंसंच. आठवड्यातून एकदा अर्धा तास आजीशी व्हिडिओवर बोल, तेवढ्यात मामींनी स्वतःचं काहीतरी करावं. वार आणि वेळ मात्र तू ठरवू नकोस, त्यांना विचार.

तुझी,
काकू