आईचा आकडा सहावरून पाचवर आला, म्हणजे थकवा कमी झाला का?

"मॅडम, आईचा थकवा गेल्या महिन्यात सहा होता, या आठवड्यात पाच आहे. फरक पडतोय ना?" स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटचे नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. हा मुलगा पुण्यात नोकरीला, आई अमळनेर तालुक्यातल्या खेड्यात. (तपशील बदलले आहेत.) ऑपरेशन, केमो, रेडिएशन आटोपून काही महिने झाले होते. शून्य म्हणजे थकवा नाही, दहा म्हणजे टोकाचा थकवा, ही पट्टी त्याला दवाखान्यात कळली. तेव्हापासून रोज रात्री फोनवर "आई, आज किती?" आणि उत्तराची नोंद मोबाइलमधल्या तक्त्यात.

त्याच्या आई (मी त्यांना मावशी म्हणते) जळगावला माझ्याकडे आल्या तेव्हा विचारलं, आकडा ठरवता कसा? "सात म्हटलं की पोरगा गप्प होतो. पाच म्हटलं की मोकळा बोलतो. मग पाच." आणि जरा थांबून, "मना आंगमा जीवच नही, ताई."

म्हणजे तक्त्यात मुलाची काळजी मोजली जात होती. पण आकडा खरा सांगितला तरी एका आकड्याच्या फरकाला फारसा अर्थ नसतो. झोप बिघडली, पाहुणे आले, वैशाखात पारा 44 वर गेला की तो सहज हलतो. केमो चालू असताना तर डोसनंतरचे पहिले काही दिवस जड जातात आणि पुढचा डोस येईपर्यंत जरा हलकं वाटतं. तेव्हा एका डोसचा तिसरा दिवस दुसऱ्या डोसच्या पंधराव्या दिवसाशी ताडून पाहणं व्यर्थ.

मी वापरते ती प्रश्नावली, फॅसिट थकवा, 13 प्रश्नांची. गेल्या सात दिवसांत थकव्यामुळे जेवायचाही कंटाळा आला का, रोजच्या कामाला मदत लागली का, लोकांत जाणं टाळलं का, असे प्रश्न. एकूण 52 गुण, जास्त गुण म्हणजे थकवा कमी. साधारण 3 ते 4 गुणांचा फरक पेशंटला स्वतःला जाणवण्याइतका मानतात. हा उंबरठा काढताना गुणांचा बदल हिमोग्लोबिन आणि रोजच्या हालचालीची क्षमता अशा गोष्टींशी ताडून पाहिला गेला. पण तो गटाच्या सरासरीवरून आलेला. एकट्या बाईच्या बाबतीत मी त्याहून मोठा आणि टिकणारा फरक बघते, आणि सोबत तिच्या घरातली खूण मागते.

मावशींची खूण त्यांनीच सांगितली: बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारीचं पीठ घाटून पहाटे धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, फडक्यांवर थापायचे. यंदा त्या जिन्याच्या दुसऱ्या पायरीवरच बसल्या होत्या. पातेलं सुनेनं वर नेलं. दुसरी खूण, उभ्यानं किती भाकरी थापता येतात. तेव्हा दोन व्हायच्या, तिसरीला पाट घ्यावा लागायचा.

मुलाची खरी भीती वेगळी होती: आजार परत आला असेल तर? उपचारानंतर थकवा कित्येक महिने, काहींना वर्षानुवर्षे राहतो. नुसत्या थकव्यावरून आजार परतला असं म्हणता येत नाही. पण तो अचानक वाढला, सोबत हाडं दुखू लागली, दम लागला, वजन उतरलं, तर थेट डॉक्टर. मावशींना मी हिमोग्लोबिन आणि थायरॉइडच्या तपासणीसाठी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलंच. हिमोग्लोबिन कमी निघालं, औषध सुरू झालं.

शिवाय चालणं. "आराम कर" हा सल्ला खान्देशात चहाइतका सढळ मिळतो. मला तो इथे पटत नाही. अशा थकव्यावर झेपेल तेवढ्या व्यायामाचा उपयोग होतो हे संशोधनातून बऱ्यापैकी पक्कं झालं आहे. ऊन चढायच्या आत शेताच्या बांधापर्यंत जाऊन यायचं, सून सोबत.

पुढच्या वेळी, महिन्याच्या त्याच सुमारास, त्याच सकाळच्या वेळेला प्रश्नावली पुन्हा भरली. 19 वरून 27. भाकरी पाच, उभ्यानं. संध्याकाळी मात्र अजून गळून जातात, भजनाला जात नाहीत. प्रश्नावलीतल्या त्या प्रश्नांचे गुण जवळपास तिथेच आहेत, त्यावर आता झोपेच्या बाजूनं काम चाललंय. मुलाला सांगितलं, आकडा महिन्यातून एकदा, तोही मी घेईन. रोजच्या फोनवर आज काय काय केलं ते विचारा.