झोपेत थांबणारा श्वास

प्रश्न : वडिलांचे हृदय कमकुवत आहे. रात्री झोपेत त्यांचा श्वास वाढत जातो, मग मंदावतो आणि काही क्षण थांबतोच. हा फुप्फुसांचा विकार समजावा का?

उत्तर : बहुधा नाही. डब्लिनमधील डॉक्टर जॉन चेन (१८१८) व विल्यम स्टोक्स (१८५४) यांनी वर्णिलेले हे श्वसन असावे. मानेतील रोहिणीजवळचे आणि मेंदूच्या तळाशी असलेले संवेदक रक्तातील कार्बन डायऑक्साइडवर लक्ष ठेवून असतात. हृदय अशक्त झाले की फुप्फुसांतून निघालेले रक्त तिथवर उशिरा पोहोचते. त्यात हे संवेदक फाजील तीव्र झालेले असल्याने मेंदू शिळ्या बातमीवर विसंबून प्रमाणाबाहेर श्वास घ्यायला लावतो, कार्बन डायऑक्साइड फार उतरतो आणि श्वास थांबतो. अशा प्रत्येक विरामात प्राणवायू घटतो, रक्तदाब उसळतो आणि आधीच थकलेल्या हृदयावर भार पडतो. म्हणून याकडे दुर्लक्ष मुळीच नको. मोबाइलवर दोन-तीन मिनिटे चित्रण करून ते हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावे. हृदयाची औषधे नीट बसली की हे श्वसन पुष्कळदा सुधारते. श्वासाचे यंत्र मात्र परस्पर आणू नये : २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, हृदयाची पंपक्षमता घटलेल्या रुग्णांमध्ये, श्वासागणिक दाब बदलणाऱ्या यंत्रामुळे मृत्यू वाढल्याचे आढळले होते.