वाचनालयाच्या कामासाठी लिब्रेऑफिस: आधी जुन्या फायलींचे फाँट तपासा

आपल्या वाचनालयाची इतिवृत्ते, सभासदांची यादी आणि जमाखर्च मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये आहे, परवान्याचा खर्च परवडत नाही, आणि लिब्रेऑफिस हा त्याच कामाचा मोफत प्रोग्रॅम वापरल्यास जुना मराठी मजकूर बिघडेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते लिब्रेऑफिस अवश्य घ्यावे, पण आधी जुन्या फायली कोणत्या फाँटमध्ये टंकल्या आहेत ते पाहावे, कारण खरी अडचण बहुधा तिथेच असते.

एखाद्या जुन्या इतिवृत्तातील परिच्छेद निवडून त्याला मंगल फाँट द्या. मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसू लागली, तर तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरलेले संकेत देणाऱ्या जागतिक पद्धतीत, नसून कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये आहे. संगणकाच्या लेखी ती मराठी नसतेच, म्हणून त्यात ना शब्द शोधता येतो, ना नावे अकारविल्हे लावता येतात. हा दोष ऑफिस बदलल्याने येत नाही आणि जातही नाही. असा मजकूर परिवर्तकातून (फाँट बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममधून) युनिकोडमध्ये आणावा आणि जोडाक्षरे, रफार व पहिली वेलांटी नजरेखालून घालावी, कारण परिवर्तक तिथेच चुकतात. मूळ फायली मात्र पुसू नयेत.

लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, मग ऑप्शन्स, असे जाऊन भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’साठी (देवनागरीसारख्या लिप्यांची मांडणी) मराठी निवडावी. हा प्रोग्रॅम रोमन आणि देवनागरीचे फाँट व आकार वेगवेगळे ठेवतो. त्यामुळे शैलीत रोमनचाच फाँट बदलला गेला, तर मराठी मजकूर जसाच्या तसा राहतो आणि लोक उगाच प्रोग्रॅमला नावे ठेवतात. फाँट नोटो किंवा मुक्ता घ्यावा. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत. कोणताही फाँट पक्का करण्यापूर्वी ‘दऱ्याखोऱ्यांतून’ हा शब्द टंकून पाहावा, कारण केवळ हिंदीचा विचार करून केलेले फाँट इथे उघडे पडतात.

संस्थेच्या नोंदी ओडीटी (मजकुरासाठी) आणि ओडीएस (तक्त्यांसाठी) या लिब्रेऑफिसच्या खुल्या स्वरूपांत ठेवाव्यात. हे स्वरूप 2006 पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे मानक आहे, आणि दीर्घकाळ जपायच्या दप्तरासाठी मला हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. बाहेर पाठवताना पीडीएफ करावी. समोरच्याला दुरुस्ती करायची असेल तरच डॉकएक्स (वर्डची फाइल) पाठवावी. एक्सेलमधील मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या छोट्या आज्ञावल्या) मात्र सगळे चालतीलच असे नाही, म्हणून जमाखर्च सर्वांत शेवटी हलवावा. ओपनऑफिस हा तसाच जुना मोफत प्रोग्रॅम घेऊ नये. 2010 मध्ये लिब्रेऑफिस त्यातून वेगळे झाले आणि तेव्हापासून नव्या कामाचा जोर लिब्रेऑफिसकडेच आहे.

ब्राउझर म्हणून मी फायरफॉक्स सुचवतो. क्रोम, एज आणि ब्रेव्ह हे तिन्ही ब्राउझर क्रोमियम या एकाच मुक्त ब्राउझरवर उभे आहेत, तर फायरफॉक्सचे गेको हे इंजिन (पान दाखवणारा गाभा) स्वतंत्र आहे, आणि त्यावर यूब्लॉक ओरिजिन हा जाहिराती रोखणारा विस्तार पूर्ण क्षमतेने चालतो. एखादे सरकारी संकेतस्थळ त्यात अडलेच, तर तेवढ्यापुरता क्रोमियम ठेवावा.

विंडोज इतक्यात बदलू नये. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स हे दोन्ही प्रोग्रॅम त्यावरही चालतात, आणि कर्मचाऱ्यांचा हात बसल्यावर विंडोजऐवजी लिनक्स या मुक्त प्रणालीचा विचार करता येईल.