वाचकांचे प्रश्न : फोटोवर लिहिलेले कशाला वाचायचे?

प्रश्न : फोटोग्राफी सुधारायची तर फोटोंवरचे लेख, समीक्षा वाचा, असे सांगतात. तेवढ्या वेळात तापीकाठी जाऊन फोटो काढले तर जास्त फायदा नाही का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : हात बसायला फोटोच काढावे लागतात, तिथे लेख कामाचे नाहीत. पण सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून चारशे फ्रेम घेऊन घरी आल्यावर त्यातल्या चार कोणत्या ठेवायच्या? बहुतेकांचे गणित इथेच चुकते. जो फोटो मिळवताना दमछाक झाली, तोच आपल्याला चांगला वाटतो. समीक्षा वाचली की स्वतःच्या घामाचा हिशेब बाजूला ठेवून पाहता येते.

अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँग यांचा ‘मायग्रंट मदर’ (स्थलांतरित आई) हा गाजलेला फोटो घ्या. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथला वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ. त्याच भेटीतल्या इतर फ्रेममध्ये तंबू आणि सामानसुमान दिसते. गाजलेल्या फ्रेममध्ये उरतात ती आई, मांडीवरचे तान्हे आणि तोंड फिरवलेली दोन मुले. गरिबीचा पुरावा कमी झाला, चेहऱ्यावरची काळजी वाढली. मूळ निगेटिव्हमध्ये उजवीकडे खाली, तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता. तो लँग यांनी नंतर पुसून घेतला. ही बाई, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, चेरोकी या मूलनिवासी समाजातली. तिचे नाव थेट १९७८ मध्ये लोकांना कळले. यातले निम्मे तरी फोटोकडे नुसते बघून हाती लागत नाही. ते कळल्यावर या फोटोत साक्ष किती आणि रचना किती, असे विचारायला आपण मोकळे होतो.

प्रश्न : आमचा हौशी गट दर महिन्याला भरतो. फोटो दाखवला की सगळे ‘मस्त’ म्हणतात, नाहीतर लेन्स कोणती ते विचारतात. चर्चा कशी करावी?
– एक वाचक, धुळे

उत्तर : मोबाइल खिशात ठेवा, बोट फिरवायची सोय असली की कोणी थांबून बघत नाही. ८ × १२ इंची प्रिंट आणा, माणशी एकच. दीड तासात सहापेक्षा जास्त फोटो घेऊ नका. आणि ज्याने फोटो काढला त्याने तोंड उघडायचे नाही. हा नियम सगळ्यात आधी मोडतो आणि तो मोडला की चर्चा संपली, कारण ‘पहाटे चारला उठून गेलो होतो’ हे ऐकल्यावर दोष दाखवायला कोणी धजावत नाही.

पहिली तीन-चार मिनिटे फक्त वर्णन. ‘सुंदर’, ‘भावपूर्ण’ असले शब्द बंद. रावेरकडच्या केळी कापणीचा फोटो असेल तर एवढेच सांगा : खांद्यावर घड, सदऱ्यावर चिकाचे काळपट डाग, चेहरा सावलीत, मागे उजवीकडे ट्रकचे अर्धे चाक. मग विचारा, नजर आधी कुठे गेली? चाकाकडे गेली असेल तर काळ्या पुठ्ठ्याचे एल आकाराचे दोन तुकडे प्रिंटवर सरकवून ते चाक झाका. झाकल्यावर ‘माल निघाला’ हे कळेनासे होते का? होत असेल तर चाक हवेच, पण पूर्ण हवे होते. दोन पावले मागे जायला हवे होते. ‘रूल ऑफ थर्ड्स (चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग पाडून विषय त्या रेषांवर ठेवायचा नियम) मोडलाय’ एवढ्यावर थांबणारा परीक्षक आळशी असतो.

लेन्स-शटर शेवटी काढा, तेही दोषाचे कारण शोधण्यापुरते. चेहरा काळा पडला, कारण कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरने मागचे उजळ आकाश मोजले. एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवायचा होता. सगळ्यात शेवटी काढणाऱ्याने बोलावे. त्याला जे तोंडाने सांगावे लागले ते फोटोत उतरलेले नाही. तेवढे टिपून ठेवा.

प्रश्न : आमच्या चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांची टेबल-टॉप (टेबलावर मांडणी करून काढलेली) छायाचित्रे ‘बनावट’ आहेत, असे मित्र म्हणतो. पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही.
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : लँग यांच्या फोटोतून पुसलेल्या अंगठ्याला लावलेली फूटपट्टी इथे चालत नाही. मूस (१९१२–१९८९) टेबलावर वस्तू मांडून, त्यांवर प्रकाश पाडून देखावा उभा करत. बातमी दिल्याचा त्यांचा दावा नव्हता. इथे विचारायचे ते हे : आकारांचे प्रमाण पटते का, सावल्या एकाच दिशेला पडतात का? टेबल-टॉपमध्ये घात होतो तो फोकसचा. कॅमेरा जवळ असल्याने स्पष्ट दिसणारा पट्टा अगदी अरुंद होतो, पुढचे-मागचे धुरकट होते आणि ‘डोंगर’ वीतभर असल्याचे उघडे पडते. म्हणून एफ १६ किंवा त्याहून लहान छिद्र, ट्रायपॉड आणि लांब एक्स्पोजर. तुम्ही तर गावातच आहात. मित्राला घेऊन त्यांच्या संग्रहालयात जा आणि प्रिंटच्या कडेपर्यंत नजर फिरवा.

प्रश्न : आमच्याकडच्या काठी गावच्या होळीच्या फोटोंना ओळी काय लिहाव्यात?
– एक वाचक, धडगाव

उत्तर : ‘आदिवासी लोकनर्तक’ असे लिहू नका. बावा, बुध्या ही होळीतली रूपे घेतलेली माणसे नवसापोटी व्रत पाळून आलेली असतात. करमणुकीचा कार्यक्रम करायला नव्हे. कोण, कुठे, कशासाठी एवढे लिहा, विशेषणे गाळा. जवळून चेहरा टिपलात तर त्या माणसाला विचारून त्याचे नावही लिहा.

प्रश्न : वाचायला सुरुवात कोणापासून करावी?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : इंग्रजी चालत असेल तर जॉन झारकोव्स्की. त्यांच्या ‘लुकिंग अॅट फोटोग्राफ्स’ या १९७३ च्या पुस्तकात एका पानावर एक फोटो आणि समोर त्यावरचा मजकूर, असे शंभर फोटो आहेत. मजकूर हाताने झाकून आधी स्वतःच्या पाच ओळी लिहा, मग त्यांचे वाचा. सुझन साँटॅग (‘ऑन फोटोग्राफी’, १९७७) त्यानंतर. त्यांच्याशी भांडत वाचले तर जास्त मिळते. रोलाँ बार्थ (‘कॅमेरा ल्युसिडा’, मूळ फ्रेंच १९८०) सगळ्यात शेवटी. आईच्या ज्या फोटोवर ते एवढे लिहितात तो पुस्तकात छापलेलाच नाही, तेव्हा शोधत बसू नका.