कॅम्परच्या छतावर घरचं ३३० वॉटचं पॅनल टाकायचंय, कंट्रोलर कोणता घेऊ?

तुमचा प्रश्न असा: नाशिकला ट्रॅव्हलरचा कॅम्पर करून घेतलाय, घराच्या छतावरून उरलेलं ७२ सेलचं ३३० वॉटचं पॅनल हाताशी आहे, १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी आहे. दुकानदार म्हणतो ३० अँपिअरचा साधा कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारा डबा) पुरे. तो पुरेल का, कसा जोडायचा, आणि गाडी चालताना अल्टरनेटरनेही तीच बॅटरी चार्ज केली तर चालेल का?

साधा म्हणजे पीडब्ल्यूएम (पॅनल नुसतं चालू-बंद करत बॅटरीला जोडणारा) असेल, तर तो घेऊ नका. दुकानदार अँपिअर बघतोय, तुम्ही पॅनल उलटं करून स्टिकरवरचे व्होल्ट बघा. ३३० वॉटच्या ७२ सेलच्या पॅनलवर साधारण व्हीएमपी (पूर्ण पॉवर देतानाचे व्होल्ट) ३७.५ व्होल्ट, आयएमपी (तेव्हाचा करंट) ८.८ अँपिअर आणि व्हीओसी (काहीच जोडलेलं नसतानाचे व्होल्ट) ४६ व्होल्ट असं काहीतरी लिहिलेलं असेल. पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनलला सरळ बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो. म्हणजे पॅनलमधून येणार तेच ८.८ अँपिअर, पण १३ व्होल्टला. गुणाकार करा: ११४ वॉट. उरलेले दोनशेहून जास्त वॉट छतावरच राहिले. १०० वॉटचं ३६ सेलचं पॅनल असतं, ज्याचं व्हीएमपी १८ च्या आसपास असतं, तर पीडब्ल्यूएमने भागलं असतं. घरच्या पॅनलला एमपीपीटी कंट्रोलरच लागतो. तो जादा व्होल्ट खाली आणून त्याबदल्यात अँपिअर वाढवतो.

दुसरी गोष्ट व्हीओसीची. स्वस्तातल्या बऱ्याच १२/२४ व्होल्टच्या कंट्रोलरची इनपुट मर्यादा ५० व्होल्टच असते. ४६ त्यात बसतं असं वाटतं, पण स्टिकरवरचा आकडा २५ अंश तापमानाचा असतो आणि गारठ्यात व्होल्टेज दर अंशाला साधारण ०.३ टक्के चढतं. डिसेंबर-जानेवारीत नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला गेलात आणि निफाडच्या त्या थंडीत सकाळी पाच अंशांवर पहिलं ऊन पॅनलवर पडलं, की ४६ चे जवळजवळ ४९ होतात. इतकं काठावर चालायचं कशाला? १०० व्होल्ट इनपुट आणि ३० अँपिअर आउटपुटचा एमपीपीटी घ्या. ३३० भागिले १३ म्हणजे २५ अँपिअर, त्यात आरामात बसतं. (पुढे दुसरं पॅनल लावायचा विचार असेल तर आत्ताच सांगतो, याच कंट्रोलरवर ती दोन सिरीजमध्ये नाही, पॅरललमध्ये जोडा; शिवाय १२ व्होल्टच्या बॅटरीला ३० अँपिअरच्या वर तो काही देणार नाही.)

बाजारात एमपीपीटी असं छापलेले पण आतून पीडब्ल्यूएम असलेले डबेही मिळतात. हातात घेतल्यावर ते पोकळ लागतात, कारण आत मोठी कॉइल नसते आणि मागे जाड हीटसिंक नसते. पक्की खात्री क्लॅम्प मीटरने (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणाऱ्या) होते, पण तो डीसी अँपिअर मोजणारा हवा. बॅटरी थोडी उतरलेली असताना दुपारी मोजा: बॅटरीकडच्या वायरमधले अँपिअर पॅनलकडच्यापेक्षा बरेच जास्त दिसले पाहिजेत. दोन्हीकडे सारखेच दिसले तर डबा परत करा.

आता जोडणी. कंट्रोलर बॅटरीच्या जितका जवळ बसेल तितका चांगला, पण बॅटरीच्या पेटीत नाही. पॅनलकडून येणारा करंट नऊ अँपिअरच्या आत असतो, तिथे ४ स्क्वेअर एमएमची सोलर केबल पाच-सहा मीटर ओढली तरी फारसं नुकसान नाही. कंट्रोलर ते बॅटरी मात्र २५ अँपिअर वाहतात. तिथे १० स्क्वेअर एमएम घ्या आणि एका मीटरच्या आत संपवा. हीच वायर ४ एमएमची आणि तीन मीटर लांब असेल तर जाता-येता अर्ध्या व्होल्टहून जास्त पडतं. मग कंट्रोलरला १४.४ दिसतात, बॅटरीला १३.८ च्या आसपास मिळतात, आणि बॅटरी पूर्ण भरायला नको तितका वेळ लागतो. लोक यात बॅटरीला नावं ठेवतात. लग (वायरच्या टोकाचे धातूचे टर्मिनल) क्रिम्पिंगच्या हत्याराने नीट दाबून घ्या, पक्कडीने दाबून चालत नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात ४० अँपिअरचा फ्यूज हवाच. पॅनलच्या वायरवर डीसी एमसीबी टाका. घरातली एसी एमसीबी नको, डीसीची ठिणगी तिच्यात विझेलच असं नाही.

क्रम लक्षात ठेवा: आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल, मग बॅटरी. बॅटरी जोडल्यावरच कंट्रोलरला १२ ची सिस्टिम आहे की २४ ची ते कळतं; बॅटरीविना पॅनलचं व्होल्टेज आत सोडलं तर काही कंट्रोलर तिथेच जळतात. आणि भर उन्हात एमसीफोर कनेक्टर (पॅनलच्या वायरची जोडणी) ओढून काढू नका, आधी एमसीबी पाडा. इन्व्हर्टर कंट्रोलरच्या 'लोड' टर्मिनलला लावायचा नाही. ते टर्मिनल दिवे, पंखा, मोबाइल चार्जर एवढ्यासाठी. इन्व्हर्टर थेट बॅटरीवर, स्वतःच्या वेगळ्या फ्यूजमधून.

पॅनल छताला चिकटवून बसवू नका, खाली दोन-तीन इंच हवा खेळू द्या. मे महिन्यात पॅनल ६०-६५ अंशांपर्यंत तापतं आणि २५ च्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के पॉवर कमी होते. तिरपं करायच्या भानगडीत पडू नका. नाशिक २० अक्षांशावर आहे, आडवं पॅनल इथे ठीक चालतं.

तुमच्या बॅटरीबद्दल मला खरी काळजी आहे. ट्युब्युलर ही घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी. कसारा घाटाच्या वळणांवर तिचं ॲसिड हिंदकळतं आणि चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. झोपायच्या बाकाखाली ती ठेवली असेल तर आजच हलवा: बंद पेटी, आणि पेटीतून गाडीबाहेर जाणारा व्हेंट पाइप. जमलं तर पुढे लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. ट्युब्युलर असेपर्यंत कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये अब्सॉर्प्शन (बॅटरी पूर्ण भरतानाचे व्होल्ट) १४.४, फ्लोट (भरल्यावर टिकवून ठेवायचे व्होल्ट) १३.५ ते १३.८ ठेवा, पण कंपनीचं पत्रक वेगळं सांगत असेल तर ते खरं. तापमानाचा सेन्सर मिळत असेल तर बॅटरीच्या टर्मिनलला लावा. ४० अंशांत १४.४ चे १४.० ते १४.१ व्हायला हवेत, नाहीतर उन्हाळ्यात पाणी सारखं भरावं लागेल. लिथियम आली की हे तापमानाप्रमाणे व्होल्ट बदलणं (कॉम्पेन्सेशन) आणि इक्वलायझेशन (अधूनमधून मुद्दाम जादा व्होल्टवर चार्ज करणं) दोन्ही बंद करायचं.

मिळेल किती? स्वच्छ उन्हात दिवसाला एक ते सव्वा युनिट. छोटा कॉम्प्रेसर फ्रिज अर्धं युनिट खातो, रात्रभर दोन पंखे एका युनिटच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास. भागतं. पण श्रावणात इगतपुरी-त्र्यंबककडे मुक्काम केलात तर यातलं फार थोडं मिळेल. आणि लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणजे तुमच्या १५० एएचमधले ७५ च खरे.

अशा वेळी अल्टरनेटर कामाला येतो. हो, दोन्ही एकाच बॅटरीला चालतात, एकमेकांना त्रास देत नाहीत. फक्त इंजिनच्या बॅटरीला सरळ वायर जोडू नका. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर (अल्टरनेटरचे व्होल्ट बॅटरीला हवे तसे करून देणारा) टाका, खासकरून गाडी बीएस-६ असेल तर. त्यातले बरेच अल्टरनेटर व्होल्टेज आपल्या मर्जीने खाली आणतात आणि साध्या रिलेवर मागची बॅटरी पूर्ण भरतच नाही.