हिट गेम देऊनही जपानमधल्या छोट्या गेम कंपन्या बुडतात कशा?

तुमचा प्रश्न वाचला आणि पहिलं नाव आठवलं ते कंपाइलचं. माझ्या मते या कंपनीला बुडवलं ते तिच्या सगळ्यात यशस्वी गेमनेच.

मासामित्सु नीतानी (चाहते त्यांना 'मू' म्हणतात) यांनी १९८२ साली हिरोशिमात ती सुरू केली. टोकियो-ओसाकाच्या गर्दीपासून लांब. सुरुवातीची बरीच कामं दुसऱ्यांसाठी केलेली, खोक्यावर नाव भलत्याचंच. पण हात कसलेला होता. १९८६चा 'झानॅक' बघा. विमानाने गोळ्या मारत पुढे जायचं, एवढंच. पण तुम्ही कसे खेळताय यावर गेमचं लक्ष असतं. उगाच गोळ्यांचा पाऊस पाडलात की शत्रू चवताळून येतात, मेलात की जरा नरमतात. त्या काळच्या इवल्याशा मेमरीत हे बसवलं होतं! पुढे 'अलेस्टे' आला. अशा विमानांच्या गेमसाठी कंपाइलला मानणारे लोक आजही आहेत.

मग 'पुयो पुयो'. पहिला १९९१चा, पण पेटला तो १९९२ला सेगा या बड्या गेम कंपनीबरोबर आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवर, आल्यावर. वरून रंगीत गोळे जोडीने पडतात, एका रंगाचे चार चिकटले की गायब. इथवर टेट्रिसचं भावंडच. गंमत अशी की एक झुबका फुटल्यावर वरचे गोळे घसरून दुसरा फुटला, त्यातून तिसरा, तर ती साखळी जितकी लांब तितका जास्त कचरा, म्हणजे अडचण करणारे बिनकामाचे गोळे, समोरच्याच्या डोक्यावर. म्हणजे कोडं नाहीच, मारामारी! पात्रंही घरचीच, कंपाइलच्याच 'मादो मोनोगातारी' या आधीच्या गेममधून उचललेली. मी हा गेम चुलतभावाकडे मेगा ड्राइव्हवर (सेगाचं टीव्हीला जोडायचं गेम-यंत्र) खेळलो, पण तिथे पात्रं बदलून त्यावर सेगाच्या 'सोनिक' गेममधल्या खलनायकाचं, रोबॉटनिकचं, नाव होतं. मूळ हिरोशिमाचं आहे हे कळायला मला दहा-बारा वर्षं लागली.

आता पडझड. पैसा आला आणि कंपनी फुगली. पुयोच्या तोंडवळ्याचे मांजू, म्हणजे गोड सारण भरलेले छोटे केक, विकायला काढले. हे मला तरी पटतं, कारण लोणावळ्याला चिक्की तसा हिरोशिमाला मांजू. पण पुढे ऑफिसात वापरायचं सॉफ्टवेअर काढलं, ते विकायला माणसं भरली, आणि थेट थीम पार्कची स्वप्नं. एका गेमची कमाई म्हणजे पहिल्या तारखेचा पगार नव्हे, हे कुणी मूंना सांगितलं नसावं, किंवा सांगूनही त्यांनी ऐकलं नसावं.

मार्च १९९८मध्ये कंपनी कोर्टात गेली. डोक्यावर सुमारे ७५० कोटी येनचं कर्ज. कर्ज देणाऱ्यांशी तडजोड झाली, पण पुयोचे हक्क सेगाकडे गेले. मला विचाराल तर कंपाइल तिथेच संपली. १९९९चा 'पुयो पुयोऽन' त्यांनीच बनवला, पण आता परक्याच्या मालकीचा गेम म्हणून. भांडं एकदा विकल्यावर त्यातलं दूध आपलं कसं राहणार? बरेच जुने लोक निघून गेले, आणि २००३मध्ये कंपनी बंद पडली.

पुयोचं मात्र झकास चाललंय. २००३मध्ये सेगाने 'पुयो पुयो फीव्हर' काढला, २०१४मध्ये तर टेट्रिसशीच जोडी जमवली.

आणि मू? २०१६मध्ये त्यांनी 'कंपाइल मारू' नावाची नवी छोटी कंपनी काढली. पहिला गेम कसला, तर पुन्हा समोरासमोर खेळायच्या कोड्याचा.