परदेशात फॅब्रिकेट केलेलं स्ट्रक्चरल स्टील वापरावं का?

तुमच्या गोदामाचे कॉलम आणि राफ्टर बाहेरच्या देशातून तयार होऊन येणार, किलोमागे दर इथल्यापेक्षा बराच कमी, तर घ्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. घ्या. पण वाचलेल्या पैशांतले थोडे तिकडच्या कारखान्यात तुमचा माणूस उभा करायला काढून ठेवा.

मी फॅब्रिकेशनच्या तपासणीत आहे. चाकणजवळच्या एका शेडचा माल असाच बाहेरून आला होता. रंग सुरेख, पॅकिंग झकास. पहिला राफ्टर क्रेनने वर नेला आणि त्याच्या टोकाच्या जोडपट्टीची (एंड प्लेटची) भोकं कॉलमच्या भोकांशी जुळेनात, सहा मिलिमीटरचा फरक. मुकादम म्हणाला, "साहेब, गॅसने मोठी करतो, दहा मिनिटांचं काम." गॅसने जाळलेल्या भोकात हाय टेन्साइल बोल्ट घालायचा नसतो, म्हणून थांबवलं. क्रेन दोन दिवस भाडं खात उभी. कारखान्याचं उत्तर आलं, पुढच्या ऑर्डरमध्ये ॲडजस्ट करू! खरी गोम अशी की माल निघण्याआधी तिकडे ट्रायल असेंब्ली, म्हणजे भाग एकमेकांना जोडून बघायचे, ही अट ऑर्डरमधून आम्हीच खर्च वाचवायला खोडली होती.

आता देशाचं. सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिजच्या नव्या पूर्व भागाचा पोलादी डेक शांघायजवळ घडवला. वेल्डमध्ये भेगा सापडल्या, कॅलिफोर्नियाचे तपासनीस तिथे ठाण मांडून बसले, दुरुस्त्या झाल्या, काम लांबलं. चिनी मालावर तिकडे भरपूर टीका झाली. आणि २०१३ च्या मार्चमध्ये, पूल खुला व्हायला जेमतेम सहा महिने असताना, ताणल्यावर काही दिवसांतच पुलाचे भाग खांबाला घट्ट धरणारे लांब बोल्ट, म्हणजे अँकर रॉड, ९६ पैकी ३२ तुटले. ते होते अमेरिकेतल्याच ओहायोतले, म्हणजे घरचेच. उच्च ताकदीचं गॅल्व्हनाइझ केलेलं पोलाद, २००८ पासून पाणी साचलेल्या भोकांत पडून. त्यात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ झालं होतं. आपल्याकडे अटल सेतूच्या मोठ्या गाळ्यांचे पोलादी भागही परदेशात घडून जहाजाने आले आणि इथे जोडले गेले.

तेव्हा पासपोर्ट सोडा, ग्रेड, म्हणजे पोलादाचा दर्जा, बघा. चीनहून क्यू३५५ ग्रेडचं पोलाद आलं की "हेच आपलं भारतीय ई३५०" असं सांगतात. अर्धंच खरं. पुढचं अक्षर महत्त्वाचं: क्यू३५५बी ची इम्पॅक्ट टेस्ट, म्हणजे आघात सोसायची चाचणी, २० अंश सेल्सिअसला होते, क्यू३५५डी ची उणे २० ला. डिझाइनरने आयएस २०६२ या भारतीय मानकातला कुठला उपदर्जा धरला होता ते विचारा आणि बदलाला त्याची लेखी मंजुरी घ्या, तोंडी नको.

पोलाद कारखान्याच्या चाचणी दाखल्यावरचा (मिल टेस्ट सर्टिफिकेट) हीट नंबर, म्हणजे वितळवलेल्या घाणीचा क्रमांक, प्लेटवर पंच केलाय का, हे प्लेट कापण्याआधी बघायला लागतं. कापल्यावर तुकड्यावर नंबर उतरवला नाही तर ते सर्टिफिकेट रद्दीच. एकदा मला १६ मिलिमीटरचं सर्टिफिकेट दाखवलं आणि समोर प्लेट २० ची! जाड प्लेटच्या वेल्डची अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी आतल्या भेगा शोधणारी) तपासणी वेल्डनंतर ४८ तास थांबून करा, काही भेगा उशिरा उमटतात. रंगाआधीच करा, नंतर सगळं छान दिसतं.

तुमच्या कोटेशनमध्ये ग्रेडपुढे अक्षर आहे का, आणि ट्रायल असेंब्लीची ओळ आहे का, एवढं बघून कळवा.